मेंदूच्या शल्यविद्येचे जनक डॉ. हार्वे कुशिंग

विनयपिटकातील जीवकाची कथा आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकून आलेल्या जीवकाने राजगृहातील एका श्रेष्ठीच्या मस्तकाची त्वचा छेदली, कवटीचा सांधा उघडून आतील दोन किडे बाहेर काढले आणि मस्तक पुन्हा शिवून टाकले, असे महावग्गात सांगितले आहे. वर्गात ही कथा सांगितली की दरवर्षी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, डोके उघडल्यावर माणूस खरोखर जगू शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर देताना मला जीवकाबरोबर आणखी एका वैद्याचे नाव घ्यावेसे वाटते. तो आपल्या देशाचा नाही, आपल्या परंपरेतलाही नाही. त्याचे नाव डॉ. हार्वे कुशिंग.

हे चरित्र लिहिण्यामागे माझे एक खासगी कारण आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात इयत्ता पाचवीत शिकणारा एक मुलगा होता. वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. सकाळी उठल्याबरोबर या मुलाला उलटी होई, डोके दुखे, आणि तासाभराने तो पुन्हा बरा दिसे. घरची आठवण येते म्हणून मुलगा सोंग घेतो, अशी अधीक्षक या नात्याने मी माझी समजूत करून घेतली. प्रार्थनेच्या रांगेत त्याचा तोल जाऊन तो शेजाऱ्याच्या अंगावर कलला, तेव्हा रागावलो तेही त्यालाच. असा दीड महिना गेला. फळ्यावरची अक्षरे दोन दोन दिसतात असे त्याने वर्गशिक्षिकांना सांगितले आणि त्यांनी हट्टाने त्याला तपासणीस पाठविले, म्हणून पुढचे सर्व घडले. पुण्यातील रुग्णालयात त्याच्या अनुमस्तिष्कात लिंबाहून मोठी गाठ आढळली. गाठ बहुधा कर्करोगाची नसावी असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याच्या वडिलांनी आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर मात्र त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेच्या तयारीला लागले. साध्या गाठीसाठी इतकी घाई कशाला, हे मला त्या वेळी उमगले नव्हते.

शरीरात अन्यत्र कोठेही साधी गाठ झाली तर ती वाढण्यास जागा असते. पाठीवरची चरबीची गाठ माणूस वीस वर्षे बाळगतो. कवटी ही मात्र बंद पेटी आहे. तिच्या मागच्या खालच्या कप्प्यात अनुमस्तिष्क असते, आणि त्याला लागूनच श्वास व हृदय यांचे नियंत्रण करणारा मस्तिष्कपुच्छाचा भाग असतो. मेंदूत सतत तयार होणारे पाणी याच कप्प्यातील एका अरुंद वाटेने बाहेर पडते. मोरीच्या तोंडाशी एखादा दगड अडकावा तशी गाठ त्या वाटेत बसली की पाणी मागे तुंबते, दाब वाढतो, सकाळी उलट्या होतात, चाल डळमळते आणि डोळ्यांच्या मागच्या नसा सुजून दृष्टी जाऊ लागते. अगदी लहान मुलांच्या कवटीचे सांधे पक्के जुळलेले नसतात. त्यामुळे डोके थोडे मोठे होऊन दाबाला वाट देते आणि गाठ सावकाश, गुपचूप, मोठ्या माणसात कधी होणार नाही एवढी वाढते. अशी गाठ जातीने सौम्य असली तरी केवळ आपल्या जागेमुळे आणि आकारामुळे मुलाचा जीव घेते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा मुलांपैकी बहुतेक आधी आंधळी होत आणि मग मरत. ती जगू शकतात हे ज्यांनी दाखवून दिले, त्यांत डॉ. कुशिंग यांचे नाव अग्रभागी आहे.

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड या शहरी झाला. वडील, आजोबा आणि पणजोबा असे तिघेही वैद्य. दहा भावंडांत हार्वे धाकटे आणि स्वभावाने तापट. येल विद्यापीठात असताना अभ्यासापेक्षा बेसबॉलच्या मैदानावर त्यांचे मन अधिक रमे. १८९१ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाले.

तेथे विद्यार्थिदशेतच एक घटना घडली. त्या काळी भूल देण्याचे काम शिकाऊ विद्यार्थ्यांवर सोपविले जाई. कुशिंग यांना एके दिवशी बाकांवरून खाली बोलावून एका रुग्णाला ईथर देण्यास सांगितले गेले. शस्त्रक्रिया नीट सुरू होण्यापूर्वीच रुग्ण दगावला. वैद्यकाचा अभ्यास सोडून द्यावा असे त्या तरुणाच्या मनात आले. भोवतालच्या मंडळींना मात्र या प्रकाराचे फारसे काही वाटले नाही, कारण असे नेहमीच होत असे. कुशिंग यांनी अभ्यास सोडला नाही, पण ते मरण विसरलेही नाहीत. आपला सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन याच्यासह त्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना दर काही मिनिटांनी रुग्णाची नाडी आणि श्वास मोजून कागदावर टिपण्याची पद्धत सुरू केली. आज कोणत्याही शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याचे मूळ १८९४-९५ च्या या टिपणांत आहे. कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या पालकांना प्रत्येक पाळीत यंत्रापाशी लटकणारा नोंदींचा तक्ता ठाऊक असतो. बिघाड झाल्यावर शोध घेण्यापेक्षा होण्यापूर्वी तो दिसावा, हाच त्याचा हेतू असतो. कुशिंग यांना हे एका माणसाच्या मरणातून कळले.

१८९६ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली रुजू झाले. हॉलस्टेड अत्यंत सावकाश शस्त्रक्रिया करीत. शरीराच्या ऊतीला फुलासारखे हाताळावे, रक्ताचा थेंबही वाया जाऊ देऊ नये, ही त्यांची शिकवण. घाईने हात चालविणारा तो मोठा शल्यविशारद, अशी समजूत असण्याच्या काळात ही शिकवण उलट्या दिशेची होती, आणि मेंदूला तीच हवी होती. १९००-०१ साली कुशिंग युरोपात गेले. बर्नमध्ये त्यांनी कोखर यांच्याकडे काम केले, तर इटलीतील पाव्हिया येथे दंडाला बांधून रक्तदाब मोजण्याचे एक साधन त्यांना दिसले. त्याची आकृती काढून घेऊन ते परतले आणि अमेरिकेतील शस्त्रक्रियागृहांत रक्तदाब मोजण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. कवटीतील दाब वाढला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते, हा त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केलेला नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यानंतरची काही वर्षे यशाची नव्हती, हे चरित्रकाराने लपविता कामा नये. त्यांच्या आरंभीच्या रुग्णांत एक किशोरवयीन मुलगी होती. वाढ खुंटलेली, डोके सतत दुखणारे, दृष्टी झपाट्याने जाणारी. कुशिंग यांनी तीन वेळा तिची कवटी उघडली आणि तिन्ही वेळा त्यांना गाठ सापडली नाही. मुलगी दगावली. शवविच्छेदनात मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या जागी पाण्याने भरलेली मोठी पिशवी आढळली. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि कवटीच्या आत डोकावणारे कोणतेही यंत्र नव्हते. गाठ नेमकी कोठे आहे हे मुलाच्या चालण्यावरून, डोळ्यांवरून, हातांच्या कंपावरून ओळखावे लागे. कुशिंग यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. तीन वेळा चुकलो हे छापून सांगणे त्या काळीही सोपे नव्हते, आणि आजही नाही.

त्या एका मुलीपासून पीयूषिका ग्रंथीचा त्यांचा अभ्यास सुरू झाला आणि १९१२ मध्ये त्यावरील त्यांचा ग्रंथ बाहेर आला. मेंदूची शल्यक्रिया ही स्वतंत्र विद्याशाखा व्हावी, असे ते १९०४ पासून सांगत होते. सामान्य शल्यविशारदाने वर्षातून एखादे डोके उघडावे आणि रुग्ण गमवावा, हे त्यांना मान्य नव्हते. युरोपातील नामांकित शल्यविशारदांच्या हातून मेंदूच्या गाठीचे एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत रुग्ण दगावत असताना, १९१५ मध्ये कुशिंग यांनी आपल्या शस्त्रक्रियांतील मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असल्याचे आकड्यांनिशी मांडले. याचे रहस्य कोणत्याही एका चमत्कारात नव्हते. कवटीत रक्तस्राव झाला तर बोटाने दाबून धरता येत नाही, धाग्याने बांधता येत नाही. म्हणून १९११ मध्ये त्यांनी चांदीच्या तारेच्या चिमुकल्या क्लिपा बनविल्या. रक्त थांबत नसेल तर हट्टाने पुढे न जाता डोके शिवून टाकावे आणि काही दिवसांनी उरलेले काम करावे, हा संयम त्यांनी पाळला. एकेक शस्त्रक्रिया कित्येक तास चाले. पेनिसिलिन तेव्हा नव्हते. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते १९५५ मध्ये तयार होऊ लागले, तोवर कुशिंग यांच्या निधनाला सोळा वर्षे झाली होती. उघड्या मेंदूत जंतू शिरू नयेत यासाठी त्यांच्यापाशी एकच उपाय होता, तो म्हणजे स्वच्छतेची कमालीची शिस्त.

१९१२ मध्ये ते बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात आले आणि पुढील वीस वर्षे तेथेच राहिले. मध्ये पहिले महायुद्ध आले. फ्रान्स व बेल्जियमच्या आघाडीवर १९१७ मध्ये त्यांनी तंबूतून डोक्याला गोळे लागलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. मेंदूत रुतलेले लोखंडाचे तुकडे काढण्यासाठी ते चुंबक वापरीत. तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते ते एक तृतीयांशाच्या आत आले. त्यांचे गुरुतुल्य स्नेही विल्यम ऑस्लर यांचा एकुलता मुलगा याच आघाडीवर जखमी होऊन आला, आणि कुशिंग यांच्यासमोर मरण पावला. पुढे त्यांनी ऑस्लर यांचे दोन खंडांचे चरित्र लिहिले व त्याला १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ते १९२६ साल त्यांच्या आयुष्यात फार विलक्षण ठरले. जून महिन्यात येलमध्ये शिकणारा त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी कळली त्या सकाळी कुशिंग यांची एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. ती पूर्ण करूनच ते निघाले. हे वाचताना मन थबकते. यात कर्तव्य किती आणि घरापासून दूर राहण्याची जन्माची सवय किती, हे ठरविणे कठीण आहे. पाच मुलांचे संगोपन त्यांच्या पत्नी कॅथरीन यांनी जवळजवळ एकटीने केले, हे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. हाताखालच्या डॉक्टरांशी ते कठोर वागत, प्रसंगी अपमान करीत. त्यांचाच एके काळचा सहायक वॉल्टर डँडी याने १९१८ मध्ये मेंदूतील पोकळीत हवा भरून क्ष-किरणांनी गाठ दाखविण्याची पद्धत शोधली. मुलांच्या दृष्टीने ती मोठीच सोय होती, पण ती मोकळेपणाने स्वीकारणे कुशिंग यांना अवघड गेले. दोघांचे वैर शेवटपर्यंत मिटले नाही. थोर माणसाच्या चरित्रातून अशा गोष्टी वगळाव्यात असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला हार्वर्डमधील विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाचे विजेवर चालणारे यंत्र शस्त्रक्रियागृहात आणण्यात आले. विजेच्या ठिणगीने ऊती कापली जाई आणि रक्तवाहिनीचे तोंडही मिटे. आपल्याकडे शेडमध्ये वेल्डिंग पाहिलेल्या मुलांना ही कल्पना चटकन समजेल. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती, त्याच्याच डोक्यातील गाठ त्या दिवशी काढली गेली. यानंतर कुशिंग यांनी, पूर्वी ज्यांना काहीच करता येणार नाही म्हणून घरी धाडले होते, अशा रुग्णांना पुन्हा बोलावून घेतले.

आता मुलांविषयी. कुशिंग यांच्या रुग्णांत मुलांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या गाठी बहुधा अनुमस्तिष्कात असत. प्रारंभी या सगळ्या गाठी एकच समजल्या जात. तरुण सहकारी पर्सिव्हल बेली यांनी कुशिंग यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जपलेल्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांची निदाने आणि प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा एकाच जागी, एकाच वयात, सारखीच लक्षणे देणाऱ्या दोन अगदी भिन्न गाठी आहेत, असे दिसून आले. एक वेगाने पसरणारी आणि घातक. तिला त्यांनी १९२५ मध्ये मेड्युलोब्लास्टोमा हे नाव दिले. दुसरी सावकाश वाढणारी, सौम्य, ती अॅस्ट्रोसायटोमा. १९२६ मध्ये दोघांनी मिळून मेंदूच्या या वर्गातील गाठींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले.

या दुसऱ्या गाठीने कुशिंग यांना एक धडा दिला. ती पुष्कळदा पिवळसर पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशवीच्या रूपात आढळे. कवटी उघडून, पिशवीतील पाणी काढून टाकले की मूल लगेच बरे होई. उलट्या थांबत, मूल चालू लागे. शल्यविशारद समाधानाने टाके घालीत. पण काही काळाने तेच मूल पुन्हा त्याच लक्षणांसह येई. त्या मोठ्या पिशवीच्या भिंतीत एका बाजूला मांसाचा एक लहान गोळा लपलेला असतो. खरी गाठ तीच, आणि पाणी हा तिचा केवळ स्राव. तो गोळा शोधून काढला तर मूल कायमचे बरे होते. तो राहिला तर पिशवी पुन्हा भरते. अनुमस्तिष्काच्या ७६ अॅस्ट्रोसायटोमांचा आढावा कुशिंग यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आपण आधी काय करीत होतो आणि ते का अपुरे होते हे त्यांनी उघडपणे मांडले आहे. जुन्या रुग्णांचा पत्ता ठेवला नसता तर मूल पुन्हा आजारी पडले हे त्यांना कळलेच नसते.

शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्याने दरवर्षी पत्र लिहून आपली प्रकृती कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. या नोंदींचा सांभाळ करणाऱ्या डॉ. लुईस आयझनहार्ट यांचे नाव आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे. त्या १९१५ मध्ये लिखाणाच्या मदतनीस म्हणून आल्या, मग वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि मेंदूच्या गाठी ओळखण्यात निष्णात झाल्या. प्रत्येक शस्त्रक्रियेचा परिणाम त्या एका वहीत टिपीत. पुढे त्या कुशिंग यांच्या नावाने स्थापन झालेल्या मेंदू-शल्यविशारदांच्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या आणि १९४४ मध्ये या विषयाच्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या संपादक.

१५ एप्रिल १९३१ रोजी कुशिंग यांनी निश्चित निदान झालेल्या दोन हजाराव्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी या दोन हजारांचा मृत्यूच्या टक्केवारीसह हिशेब ग्रंथरूपाने छापला आणि हार्वर्डमधून निवृत्ती घेतली. नंतर ते येलला गेले. पायांचे जुने दुखणे बळावले होते. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या मध्यभागी, पाण्याच्या वाटेवरच, सुमारे एक सेंटिमीटरची एक साधी गाठ आढळली. ती त्यांना कधी जाणवली नव्हती.

त्यांनी जमविलेल्या गाठींच्या बरण्या आणि रुग्णांची हजारो छायाचित्रे पुढे अनेक वर्षे येलमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडली होती. १९९० नंतर विद्यार्थ्यांमुळेच तिकडे पुन्हा लक्ष गेले, आणि २०१० पासून तो संग्रह ग्रंथालयात पाहावयास ठेवला आहे. छायाचित्रांत मुले पुष्कळ आहेत: मोठी झालेली डोकी, तिरळे झालेले डोळे, काहींच्या मानेमागे ताजे टाके.

ही विद्या आपल्याकडे आली त्यालाही एक धागा आहे. कुशिंग यांच्या हाताखाली ब्रिगहॅममध्ये उमेदवारी केलेले वाइल्डर पेनफिल्ड पुढे कॅनडात मॉन्ट्रियलला गेले. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे भारतातील मेंदूशल्याचा पहिला विभाग सुरू केला. आता एमआरआय आहे, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आहे, तुंबलेल्या पाण्याला तातडीने वाट करून देता येते. माझ्या वसतिगृहातील त्या मुलाला या सगळ्याचा लाभ झाला. त्याची गाठ अॅस्ट्रोसायटोमाच होती, पिशवी मोठी आणि गोळा लहान. तो काढायला सहा तास लागले. वर्षभर त्याची चाल थोडी अडखळत होती, अक्षर अजूनही वाकडे येते. दरवर्षी तपासणी झाली की त्याचे वडील शाळेत येतात, अहवालाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवतात, आणि मी तो अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.